आधी वाक्य, मग स्लाइड: प्रेझेंटेशनची तयारी

पॉवरपॉइंट उघडून पहिल्या स्लाइडवर शीर्षक टाइप केलं की तयारी सुरू झाली असं वाटतं. प्रत्यक्षात हाताशी असलेली सगळी माहिती स्लाइडवर चढत जाते, चाळीसेक स्लाइड होतात आणि सांगायचं काय, ते ठरलेलंच नसतं.

म्हणून आधी कागदावर एकच वाक्य लिहा: ऐकणाऱ्यानं बाहेर पडताना काय करायला किंवा मानायला तयार व्हावं? ‘तक्रारींचा आढावा’ हा नुसता विषय झाला. ‘निम्म्या तक्रारी माल उशिरा पोहोचल्याच्या आहेत, म्हणून पोचवणीसाठी आणखी दोन माणसं द्या’ हे वाक्य झालं. मागणी असेल तर पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाका. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काहीच हशील नाही. निर्णय घेणारा माणूस फोन आला म्हणून मध्येच उठून गेला, तरी मागणी त्याच्या कानावर पडलेली असते. वाक्याखाली त्याला उचलून धरणारे तीन मुद्दे लिहा. चौथा, पाचवा सुचला तर त्यांच्या स्लाइड शेवटच्या स्लाइडनंतर ठेवून द्या. प्रश्न आलाच तर दाखवता येतील.

वेळ २० मिनिटांची असेल तर तयारी १६ मिनिटांची करा. सुरुवातीला वायर जोडण्यात आणि शेवटी प्रश्नांत चार मिनिटं हमखास जातात. सावकाश, समजेल असं बोलताना मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात. तुमचा वेग घड्याळ लावून मोजा.

स्लाइड किती असाव्यात, यावर फार डोकं खपवू नये. अमेरिकी उद्योजक आणि लेखक गाय कावासाकी यांचा १० स्लाइड, २० मिनिटं, ३० पॉइंटचा फॉन्ट हा नियम प्रसिद्ध आहे. २००३ मध्ये टोकियोत सुरू झालेल्या पेचाकुचा या सादरीकरणाच्या पद्धतीत मात्र २० स्लाइड प्रत्येकी २० सेकंद, म्हणजे ६ मिनिटं ४० सेकंदांत संपतात. दोन्ही चालतात. कावासाकींच्या नियमातला फॉन्टचा आकडा मात्र गांभीर्यानं घ्या.

एक स्लाइड दुरुस्त करून पाहू

समजा, वर ‘तक्रारींची कारणे’ असं शीर्षक आहे, खाली सात बुलेट, उजवीकडे पाच रंगांचा गोल आलेख आणि त्याखाली रंगांची सूची. पाहणारा आधी सूची वाचतो, मग रंग शोधतो, मग बुलेट वाचू लागतो. तेवढ्या वेळात तुम्ही काय बोललात ते त्याला ऐकूच येत नाही, कारण वाचणं आणि ऐकणं दोन्हीला शब्दच लागतात आणि दोन वेगवेगळी वाक्यं एकदम डोक्यात शिरत नाहीत.

आता शीर्षकाच्या जागी निष्कर्षच लिहा: ‘निम्म्या तक्रारी उशिराच्या’. बुलेट काढून खालच्या नोट्समध्ये टाका. ती तुमची टिपणं आहेत, लोकांसाठी नाहीत. गोल आलेखाऐवजी पाच आडव्या पट्ट्या घ्या, मोठी वर, लहान खाली. उशिराची पट्टी गडद रंगात, बाकीच्या चार राखाडी. कारणाचं नाव आणि आकडा पट्टीवरच लिहा, म्हणजे सूची लागणार नाही. लाल आणि हिरव्या रंगावर भेद दाखवू नका. काहींना तो दिसत नाही. पांढऱ्यावर पिवळं तर उजेडाच्या खोलीत प्रोजेक्टर पुसूनच टाकतो.

अक्षरं मागच्या रांगेतून दिसतील का, हे घरबसल्या तपासता येतं. पडदा २ मीटर रुंद आणि शेवटची रांग १२ मीटरवर असेल, तर अंतर रुंदीच्या सहापट झालं. १४ इंची लॅपटॉपचा पडदा सुमारे ३१ सेंटिमीटर रुंद असतो. स्लाइड पूर्ण पडद्यावर लावा, पावणेदोन ते दोन मीटर मागे उभे राहा आणि वाचा. डोळे बारीक करावे लागले तर अक्षर लहान आहे. अशा वेळी आकार वाढवण्याआधी शब्द कमी करा.

मराठी स्लाइडचं आणखी एक दुखणं आहे. कृतिदेवसारख्या युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतो. युनिकोडच वापरा, सेव्ह करताना फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड करा आणि सोबत पीडीएफ ठेवा. दोन ओळींतलं अंतरही थोडं वाढवा, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडते.

तालीम

मनातल्या मनात वाचणं ही तालीम नव्हे. उभं राहून, मोठ्यानं, घड्याळ लावून किमान तीनदा बोला. पहिल्या खेपेला बहुतेक ठरलेली वेळ ओलांडली जातेच. मग भरभर बोलायचं नाही, एक मुद्दा काढायचा. पाठ फक्त पहिली चार वाक्यं आणि शेवटची दोन करा; सगळंच पाठ केलं की एक शब्द निसटला तरी गाडी अडते. अर्ध्या वेळेला कोणत्या स्लाइडवर असायला हवं ते कागदावर टिपून ठेवा आणि उशीर झालाच तर कोणत्या स्लाइड गाळायच्या, तेही. पॉवरपॉइंट चालू असताना स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे पोहोचता येतं. ‘वेळ नाही, जरा पटापट पुढे जातो’ म्हणत लोकांसमोर दहा स्लाइड पळवणं फार वाईट दिसतं.

खोलीत गेल्यावर

अर्धा तास आधी पोहोचा. प्रोजेक्टरची वायर एचडीएमआय आहे की जुनी व्हीजीए, ते आदल्या दिवशीच विचारा आणि अडॅप्टर आपला न्या. विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून डुप्लिकेट (दोन्ही पडद्यांवर तेच) किंवा एक्स्टेंड (दोन्हींवर वेगवेगळं) निवडता येतं. एक्स्टेंडमध्ये नोट्स फक्त तुम्हाला दिसतात, पण प्रेझेंटर व्ह्यू, म्हणजे नोट्स दाखवणारं बोलणाऱ्याचं दृश्य, चुकीच्या पडद्यावर गेलं तर त्या साऱ्या सभेला दिसतात, म्हणून एकदा पाहून घ्या. व्हिडिओ असेल तर आवाजही तपासा: एचडीएमआय जोडल्यावर आवाज बरेचदा प्रोजेक्टरकडे वळतो आणि लॅपटॉपला लावलेला स्पीकर मुका होतो. चार्जर लावा, मेसेजच्या सूचना बंद करा, क्लिकरचे जादा सेल खिशात ठेवा.

बोलताना पडद्याकडे पाठ फिरवू नका. स्लाइड बदलली की दोन-तीन सेकंद गप्प राहा, लोकांना पाहू द्या, मग बोला. एका वाक्याला एकाच माणसाकडे पाहा. नजर पंख्यासारखी फिरवत ठेवली की ती कुणाकडेच जात नाही. घशाला कोरड पडली तर पाणी प्या, माफी मागू नका. चर्चा रंगली आणि पडदा लक्ष वेधून घेत असेल, तर कीबोर्डवरचं बी दाबा. पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो.

प्रश्न आला की तो आधी सगळ्यांना ऐकू जाईल असा पुन्हा म्हणा. मागच्यांना कळतो आणि तुम्हालाही विचाराला पाच सेकंद मिळतात. उत्तर माहीत नसेल तर ‘उद्यापर्यंत कळवतो’ म्हणून लिहून घ्या. ठोकून दिलेला आकडा पकडला गेला की आधीचे खरे आकडेही संशयात येतात.

प्रश्नोत्तरं चालू असतात तेव्हा शेवटची स्लाइड सगळ्यात जास्त वेळ पडद्यावर राहते. ती ‘धन्यवाद’वर वाया घालवू नका. तिथे मागणी, तिचं कारण आणि निर्णय हवा ती तारीख लिहा. फाइल वाटायची तर बोलून झाल्यावर वाटा. आधी हातात पडली की लोक पुढची पानं उलटत बसतात.