इलेक्ट्रोपॉलिशिंगच्या टाकीत पाणी वाढलंय की लोखंड?

इलेक्ट्रोपॉलिशिंग म्हणजे ॲसिडच्या टाकीत करंट सोडून धातूचा वरचा पातळ थर विरघळवणं आणि त्याला चकाकी आणणं. त्यात स्टेनलेस स्टीलचे जॉब (चकाकी द्यायचे भाग) मळकट निघू लागले की "नवीन ॲसिड टाका" हा सल्ला ठरलेला. तो सर्रास चुकीचा असतो. आधी टाकीत काय वाढलंय ते शोधा.

रोजची कामं थोडक्यात: ठरलेलं तापमान सांभाळा (बहुतेक टाक्यांत ते 50 ते 75 अंश सेल्सिअसमध्ये असतं), रॅकचे (जॉब टांगायच्या चौकटीचे) सांधे घासा, कॅथोडवरचा (टाकीतल्या ऋण पट्टीवरचा) थर काढा, जॉब पूर्ण निथळूनच आत सोडा.

खरी गोम हायड्रोमीटरच्या (द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणाऱ्या नळीच्या) आकड्यात आहे. फॉस्फोरिक-सल्फ्युरिक मिश्रण हवेतली ओल ओढून घेतं आणि त्याचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत जडपणा) उतरतं. विरघळलेलं लोखंड, क्रोमियम, निकेल तेच गुरुत्व चढवतात. दोन्ही सोबत वाढले की आकडा जागचा हलत नाही आणि टाकी आतून खराब होत राहते. म्हणून गुरुत्वासोबत लोखंडाचं टायट्रेशन (रसायन थेंबाथेंबानं घालून प्रमाण काढायची चाचणी) हवंच. त्याशिवाय घेतलेला निर्णय म्हणजे निव्वळ अंदाज.

नमुना टाकी ढवळून मधून घ्या, नेहमी एकाच तापमानाला, समजा 25 अंशांना, आणून मोजा. द्रव पाकासारखा दाट असतो, हायड्रोमीटर सावकाश बुडतो, घाई नको. दांडीला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा फुगतो.

गुरुत्व कमी, लोखंड ठीक: पाणी वाढलंय. करंट बंद, एक्झॉस्ट सुरू ठेवून टाकी तापवा, पाणी उडून जाईल. काम नसताना झाकण लावा.

गुरुत्व ठीक, लोखंड जास्त: तेवढ्याच करंटला व्होल्टेज जास्त लागतं, तळाशी गाळ बसतो. अशा वेळी वरून भर घालून भागत नाही. टाकी रात्रभर स्थिर ठेवा, तळचा पाचवा हिस्सा गाळासकट काढा, तेवढंच ताजं मिश्रण घाला. द्रवातलं लोखंड 5 टक्के असेल तर 4 वर येतं.

गुरुत्व जास्त, लोखंड ठीक: पाणी उडालंय. गरम टाकीत पाणी कधीही ओतू नका, ॲसिड उसळून अंगावर येतं. टाकी पूर्ण गार करा, फेस-शील्ड लावा, ढवळत ढवळत बारीक धारेनं डीमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी सोडा.

करंट बंद केल्याशिवाय रॅक उचलू नका. ठिणगी पडली तर कॅथोडवर सुटलेला हायड्रोजन पेट घेतो. काढलेल्या ॲसिडात क्रोमियम-निकेल असतं, ते गटारात न सोडता घातक कचऱ्याच्या अधिकृत प्रक्रियाकेंद्राकडेच द्या.

अँपिअर-तासांची (करंटचे अँपिअर गुणिले तास) नोंद ठेवा. एका अँपिअर-तासाला जास्तीत जास्त साधारण 1 ग्रॅम धातू विरघळतो. 1,000 लिटरच्या टाकीत सुमारे 1,700 किलो द्रव असतो, म्हणजे धातू 1 टक्क्यानं वाढायला निदान 17,000 अँपिअर-तास लागतात. पुढचं टायट्रेशन त्या हिशेबानं ठरवा.