योगवर्गाची वर्षाची फी भरण्याआधी

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जानेवारीत एकदा आणि २१ जूनच्या आसपास एकदा हा प्रश्न हमखास येतो. कोपऱ्यावर अमक्या योग स्टुडिओची शाखा निघालीय, वर्षाचे एकदम भरले तर घसघशीत सूट आहे, भरू का? मी अय्यंगार पद्धतीचे (बी. के. एस. अय्यंगारांची, विटा-पट्ट्यांच्या आधाराने आसनं नेमकी करून घेणारी पद्धत) वर्ग करत आलेय, त्यामुळे सगळ्यांचं बोट माझ्याकडे. माझं म्हणणं इतकंच, की आधी एक वर्ग करा, तोही ज्या वेळेला रोज जाणार त्याच वेळेचा. रविवारचा ‘डेमो’ बहुतेक ठिकाणी त्यांचा सगळ्यात चांगला शिक्षक घेतो. मंगळवारी सकाळी सहाला कोण येतं, ते महत्त्वाचं.

फोनवरच पद्धत विचारून घ्या. ‘आमच्याकडे सगळं आहे’ असं उत्तर आलं तर मी पुढे विचारत नाही. प्रत्येक पद्धतीचा तास वेगळा असतो. बिक्रम पद्धतीत सुमारे ४० अंश तापवलेल्या खोलीत दीड तास श्वसनाचे दोन प्रकार धरून तेच २६ प्रकार, त्याच क्रमाने. अनेक शाखांच्या स्टुडिओ-साखळीला हे सोयीचं पडतं, कारण कुठल्याही शाखेत कुठलाही शिक्षक उभा केला तरी तास तोच होतो. मुंबईच्या मे महिन्यात त्यासाठी वेगळे पैसे का द्यायचे, हा माझा खासगी प्रश्न. अष्टांगच्या मैसूर धाटणीत क्रम ठरलेला, पण जो तो आपल्या गतीने करतो आणि शिक्षक फिरत राहतो. शिवानंद परंपरेत १२ मूळ आसनं. अय्यंगार पद्धत साखळी नव्हेच. शिक्षक परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतात आणि आपापले वर्ग चालवतात. मूळ घर पुण्यात मॉडेल कॉलनीत, १९७५ साली सुरू झालेली संस्था. बऱ्याच वर्गांत महिन्याचा पहिला आठवडा उभ्या आसनांचा, दुसरा पुढे वाकण्याचा, तिसरा मागे वाकण्याचा आणि शेवटचा विश्रांती-प्राणायामाचा. म्हणून तिथे एका दिवसावरून मत बनवू नका. चौथ्या आठवड्यात गेलात तर वाटेल, इथे नुसतं झोपवतात!

वर्गाला दहा-पंधरा मिनिटं आधी पोचा. जेवण झालेलं असेल तर मध्ये तीन-चार तास गेलेले हवेत. शिक्षकाने तुम्हाला रक्तदाब, काचबिंदू, मणक्याचं दुखणं, पाळी, गरोदरपण यांविषयी आपणहून विचारलं का? फॉर्मवर टिक करून घेणं याला मी विचारणं म्हणत नाही. काचबिंदू असलेल्याला शीर्षासन देत नाहीत, मान दुखत असेल तर सर्वांगासनाचा हट्ट धरत नाहीत. हे आसन सुरू झाल्यावर कळून काय उपयोग?

आता खरी परीक्षा, ती शिक्षकाची. त्रिकोणासनाची वाट बघा, बहुतेक वर्गांत ते येतंच. उजवीकडे झुकल्यावर तुमचा हात जमिनीला टेकणार नाही, नवशिक्याचा टेकत नाहीच. मग तुम्ही गुडघा वाकवाल, नाहीतर छाती जमिनीकडे वळवून हात कसाबसा खाली न्याल. शिक्षक ‘छान, अजून खाली, अजून थोडं’ म्हणत आरशाकडे बघत राहिला, तर समजून जा. चांगला शिक्षक येऊन तुमच्या हाताखाली लाकडी वीट उभी ठेवेल, किंवा हात नडगीवर ठेवायला सांगेल, आणि मग म्हणेल, ‘मागच्या पायाची बाहेरची कड दाबा, गुडघ्याची वाटी वर ओढा, आता छाती छताकडे वळवा.’ या सूचना करता येतात. ‘शरीर मोकळं सोडा, ऊर्जा जाणवू द्या’ ऐकून नेमका कुठला स्नायू हलवायचा?

कोपऱ्यातल्या कपाटाकडेही नजर टाका. विटा, पट्टे, लोड, घडीच्या खुर्च्या, भिंतीवरचे दोर असले तर उत्तम, पण ते वापरात आहेत का ते बघा. मी ब्लँकेटवरून ओळखते. सर्वांगासनासाठी तीन-चार ब्लँकेटं एकावर एक रचतात. प्रत्येकाची दुमडलेली, गुळगुळीत कड एकाच बाजूला, एकाखाली एक नीट जुळवून. खांदे त्या कडेपासून दोन-तीन बोटं आत, डोकं खाली जमिनीवर, म्हणजे मानेवर भार येत नाही आणि घसा मोकळा राहतो. हे रचायला पाच मिनिटं जातात आणि चांगला शिक्षक ती देतो. कडा वेड्यावाकड्या दिसल्या तर तो सगळं पुन्हा काढायला लावतो, आणि लोक कुरकुरतात. ब्लँकेट न देता वीस जणांना एकदम पाय वर करायला लावणाऱ्या वर्गातून मी शवासनाची वाट न बघता उठून आलेय.

शवासनाचंही तेच. पाच मिनिटं तरी हवीत, आणि पुढची बॅच दारात चपला वाजवत नको.

मग काउंटरवर बसा आणि विचारा. या वेळेला नेहमी हेच शिकवतात का? ते सोडून गेले तर पैसे परत मिळतील का? एका वर्गात जास्तीत जास्त किती जण घेता? फी दुसऱ्या शाखेत वळवता येते का? उत्तरं पावतीवर लिहून घ्या. काउंटरवरची मुलगी गोड बोलते, पण दोन महिन्यांनी तीही बदललेली असते. ‘ऑफर आजच्यापुरतीच’ असं म्हणाली तर महिन्याची फी भरा. ती ऑफर पुढच्या जानेवारीतही असते.