फ्लशची टाकी सतत झिरपते? नवा वॉशर आणण्याआधी त्याची बैठक तपासा

रात्री घर शांत झालं की संडासातून बारीक सुरसुर ऐकू येते. कमोडच्या मागच्या बाजूने पाण्याची चकचकीत पट्टी उतरत असते आणि टाकी मधूनच आपोआप भरून घेते. ‘थोडंसंच तर गळतंय’ म्हणून हे महिनोन्महिने चालवून घेणारी घरं मी पाहिली आहेत. मिनिटाला १०० मिली, म्हणजे चहाचा एक लहान कप गळला, तरी दिवसाला १४४ लिटर होतात. शहरी पाणीपुरवठ्याची आखणी आपल्याकडे माणशी दिवसाला १३५ लिटर धरून होते. एका माणसाच्या वाट्याहून जास्त पाणी कुणीही न वापरता गटारात जातं. मी लातूरचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्या शहरात पाणी आणावं लागलं होतं. तेव्हापासून ही सुरसुर कानावर पडली की मी हातातलं काम सोडून टाकीचं झाकण उघडतो, मग घर माझं असो की पाहुण्याचं.

दुखणं कुठलं आहे ते आधी ठरवा. झाकण सरळ वर उचला (काही टाक्यांत आधी बटण फिरवून काढावं लागतं). झाकण काढताच गळती थांबली, तर बटणाची दांडी खालच्या फ्लश व्हॉल्व्हला (टाकीतलं पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या झडपेला) दाबून धरत होती. दांडीची लांबी थोडी कमी करा, काम झालं.

नाही थांबली, तर मधल्या उभ्या नळीकडे बघा. तिच्या तोंडातून पाणी आत पडत असेल तर दोष भरण्याच्या बाजूचा आहे. फ्लोट, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता भाग, खाली घ्या. पाण्याची पातळी नळीच्या तोंडाखाली इंचभर राहिली पाहिजे. जुन्या पितळी दांड्याचा गोळा असेल तर दांडा हळूच खाली वाकवा. फ्लोट हाताने वर उचलूनही पाणी येतच राहिलं, तर इनलेट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे टाकीत पाणी घेणाऱ्या झडपेत, कचरा अडकलाय. गच्चीवरची टाकी धुतल्यानंतर हे हमखास होतं. अँगल कॉक (भिंतीतून टाकीकडे येणाऱ्या पाण्याचा छोटा नळ) बंद करून व्हॉल्व्हची टोपी काढा, वर वाटी उपडी धरा आणि कॉक जरासा उघडा. वाळू पाण्याबरोबर निघून जाते. तरी नाहीच जमलं तर अख्खा इनलेट व्हॉल्व्ह बदला, त्याच्या डागडुजीत वेळ घालवू नका.

नळीत पाणी पडत नाही आणि तरी गळतंय? पातळीशी पेन्सिलीने खूण करा, अँगल कॉक बंद करा, तासाभराने बघा. पाणी खुणेखाली गेलं असेल तर गळती तळाचं भोक बंद करणाऱ्या रबरी वॉशरमधून आहे.

इथेच बहुतेकांची फसगत होते, आणि मीही इथेच अडलो होतो. आमच्या घरच्या टाकीचा वॉशर मी एका महिन्यात तीनदा बदलला. प्रत्येक वेळी दोन दिवस बरं चालायचं, पुन्हा सुरसुर सुरू. पाहायला आलेल्या कारागिराने सांगितलं, टाकीच बदला. टाकीत काहीही खराब नव्हतं. वॉशरही चांगला होता. खराब होती ती बैठक, म्हणजे तळाच्या भोकाची जी गोल कड असते, जिच्यावर वॉशर टेकतो ती. आमचं बोअरचं पाणी जड. त्या कडेवर क्षाराचा इतका पातळ थर बसला होता की डोळ्यांना कड स्वच्छच दिसत होती. एकदा बोट फिरवलं आणि एका जागी खरखर लागली. तेवढ्या खरखरीतून रोज बादल्या भरतील इतकं पाणी जात होतं.

म्हणून कॉक बंद करून फ्लश दाबा, तळाशी उरलेलं पाणी फडक्याने टिपून घ्या आणि मधला फ्लश व्हॉल्व्ह बाहेर काढा. बहुतेक व्हॉल्व्ह डावीकडे पाव फेरा फिरवला की सुटतात. कुठे खाच आहे ते न बघता जोर लावू नका, प्लास्टिकची चाप तुटते. मग गरम पाण्याच्या पेल्यात दोन चमचे लिंबूसत्व विरघळवा, त्यात चिंधी भिजवून कडेवर गोल गुंडाळा आणि अर्धा तास राहू द्या. जुन्या टूथब्रशने घासा, धुवा, पुसा. आता डोळे मिटून बोट कडेवरून पूर्ण गोल फिरवा. कुठेही अडलं तर पुन्हा चिंधी ठेवा. हे मला कधी दोनदा, कधी चारदा करावं लागलं आहे. बोट काचेवरून फिरल्यासारखं फिरेपर्यंत थांबायचं नाही.

सँडपेपर लावू नका. त्याचे ओरखडे म्हणजे पाण्याला कायमची वाट. संडास धुण्याचं ॲसिड टाकीत ओतू नका; रबर आणि आतले धातूचे भाग दोन्ही खातं, आणि टाकीत ब्लीचिंगचा अंश असेल तर विषारी क्लोरीन वायू निघतो. सिलिकॉन सीलंट फासून गळती थांबत नाही, फक्त पुढच्या माणसाला कड खरवडत बसावी लागते. वॉशरला व्हॅसलीन किंवा ग्रीसही नको, रबर फुगतं. आणि कॉक अर्धा बंद ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका: टाकी सावकाश भरते, गळणं तेवढंच राहतं.

वॉशर मऊ, सपाट आणि न फुगलेला असेल तर धुऊन तोच लावा. कडक झाला असेल, त्यावर गोल खाच पडली असेल, तर बदला. दुकानात जाताना जुना वॉशर बरोबर न्या. ‘सगळ्यांना बसतो’ म्हणून दिलेला वॉशर घेऊ नका. एखाद-दोन मिलिमीटरचा फरकही पुरतो. दुकान बंद असेल आणि वॉशर दोन्ही बाजूंनी सपाट असेल, तर तो उलटा करून बसवा, काही दिवस निघतात.

व्हॉल्व्ह बसवताना तो तिरका टेकत नाही ना ते बघा, उजवीकडे फिरवून अडकवा, हलवून पाहा. कॉक उघडा, टाकी भरू द्या.

रात्री सगळ्यांचं आटोपल्यावर टाकीत नीळेचे चार-पाच थेंब टाका आणि सकाळपर्यंत कुणी फ्लश करू नका. सकाळी कमोडमधलं पाणी निळसर दिसलं तर व्हॉल्व्ह पुन्हा काढा आणि नव्या वॉशरकडे धावण्याआधी त्या कडेवरून परत एकदा बोट फिरवा.