पूर ओसरल्यावर: गाळाची घाई, रंगाला सबुरी

आमचं घर सांगलीच्या गावभागात. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि आमच्या माजघरात छातीएवढं चढलं. २०२१ च्या जुलैत ते पुन्हा आलं. आम्ही सामान माळ्यावर चढवत होतो, तेवढ्यात चिपळूणहून वन्संचा फोन आला. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी त्यांच्या घरात शिरलं होतं. पुढचे कितीतरी दिवस त्यांना फोनवर जे सांगत राहिले, ते इथे लिहून ठेवते. त्यातली एक गोष्ट मी त्यांना रोज बजावली: गाळ काढायला एक तासही थांबू नका आणि भिंत रंगवायची घाई अजिबात करू नका.

घरात पाय टाकण्याआधी बाहेरून एक फेरी मारा. जुन्या मातीच्या भिंती कधी कधी पाण्यात असेपर्यंत उभ्या राहतात आणि पाणी उतरल्यावर बसतात. भिंतीला पोट आलं असेल, तळाची माती निघून गेली असेल, नवी तडा गेली असेल, तर आत जाऊ नका, दुसऱ्या दिवशीही नको. आत गेल्यावर पायात गमबूट हवेच. आमच्याकडे साप निघाला तो धुण्याच्या यंत्रामागे, त्यामुळे अंधाऱ्या कोपऱ्यात हात न घालता आधी काठी फिरवा.

विजेचं मेन बटण पाण्यात किंवा ओल्या फरशीवर उभं राहून बंद करायला जाऊ नका, वायरमनला बोलवा. मेन बंद असलं तरी इन्व्हर्टरची बॅटरी जिवंत असते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तिच्या तारा वायरमनकडूनच सोडवून घ्या. बोर्ड उघडले तर आत चिखल भरलेला दिसेल. ती बटणं बदलायचीच. फ्रिज, पाण्याची मोटर, मिक्सर ‘चालतंय का बघू’ म्हणून लावू नका. वाळवून आणि तपासून घेतलेली आमची मोटर आजही चालते. शेजारी लगेच लावली त्यांची जळली.

आवराआवर सुरू करण्याआधी फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ, फुगलेलं कपाट, भिजलेलं धान्य, सगळ्याचे. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत खराब सामान दाराशीच ठेवलं तर बरं. गाडी पाण्यात बुडाली असेल तर किल्ली फिरवू नका, ओढून गॅरेजला न्या.

आता गाळ. पुराचा गाळ ओला असतो तोवर लोण्यासारखा निघतो. दोन दिवस ऊन लागलं की फरशीला असा धरतो की छिन्नी लावावी लागते. पहिलं काम म्हणजे मोरीचं आणि न्हाणीचं तोंड कापडाच्या बोळ्याने बंद करणं. २०१९ ला आम्ही ते केलं नाही. सगळा गाळ पाइपात बसला आणि महिनाभर न्हाणीघर तुंबलेलं होतं. सुरुवात मागच्या खोलीपासून करून दाराकडे यायचं, आधी भिंती वरून खाली, मग फरशी. फावड्याने जाड थर काढा, मग पाणी मारून रबरी वायपरने ओढा. नळाला पाणी नसेल तर पुराचंच उरलेलं पाणी या पहिल्या धुण्याला वापरा, चांगलं पाणी शेवटच्या हाताला राखून ठेवा.

गाळ निघाल्यावर ब्लीचिंग पावडर. दहा लिटरच्या बादलीत साधारण ३०० ग्रॅम कालवा, निवळी वरून घ्या, फरशीवर टाकून थोडा वेळ राहू द्या आणि मग धुऊन काढा. दारं-खिडक्या उघड्या हव्यात आणि हातमोजेही. यात संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. हौद आणि टाकी पूर्ण उपसून घासा. पिण्याचं पाणी खळखळ उकळूनच प्या. पायाला चीर किंवा जखम असेल तर गाळात उतरू नका. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘पुराच्या पाण्यात होते’ असं आपणहून सांगा, म्हणजे त्यांना लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची, शंका वेळेत येते.

काय टाकायचं यावर वन्संशी बराच वाद झाला. गाद्या, उशा, भिजलेलं धान्य, पीठ, मसाले, औषधं टाकायचीच. त्यांनी वर्षाचे तांदूळ भरले होते, वाळवून ठेवते म्हणाल्या. वन्सं, त्या पाण्यात गटार होतं, मेलेली जनावरं होती. तांदूळ पुन्हा आणता येतात. स्टील, पितळ, काच उकळत्या पाण्याने धुतली की झालं. सिलिंडर एजन्सीला दाखवा, रेग्युलेटर आणि नळी नवी घ्या. प्लायवूडची कपाटं फुगतात, त्यांच्यावर जीव लावू नका. सागवान वाचतं, पण सावलीत, हळूहळू वाळवलं तरच. ड्रॉवर अडकले असतील तर ओढू नका, मागची फळी काढून वस्तू बाहेर घ्या.

फोटोंसाठी मात्र वेळ काढा. माझ्या सासऱ्यांचा एकच तरुणपणीचा फोटो होता, काचेला चिकटलेला. ओढला असता तर चेहरा काचेवर राहिला असता. फ्रेम उघडून काचेसकट तो परातीत स्वच्छ गार पाण्यात ठेवला. बऱ्याच वेळाने एक कोपरा सुटला. त्या फटीतून वाटीने पाण्याची बारीक धार सोडत राहिले आणि फोटो आपोआप सरकून पाण्यावर आला. तो सुती पंचावर, चित्र वर करून, सावलीत वाळवला. डाव्या कानाजवळ डाग आहे, बाकी चेहरा शाबूत. अल्बमचंही असंच करायचं. कोरडे होऊन चिकटले की सुटत नाहीत, म्हणून हाताला लागतील तेव्हा ओलेच ठेवा. लगेच जमणार नसेल तर चालू फ्रीजर असलेल्या नातेवाइकाकडे पिशवीत घालून ठेवा, नंतर सवडीने सोडवता येतात.

भिंतींचं मी चुकले ते सांगते. २०१९ ला दिवाळीआधी घर साजरं दिसावं म्हणून पुट्टी भरून ऑइलपेंट मारून घेतला. संक्रांतीपर्यंत पापुद्रे हातात आले आणि आतून ओलसर वास. पाणी रेघेपर्यंतच असतं असं नाही, भिंत ते वर ओढून घेते. आमच्याकडे ते कितीतरी दिवस उभं होतं, चिपळूणला आलं आणि गेलं, तरी ओल दोन्हीकडे. बोटाच्या पेराने गिलावा वाजवत जा. जिथे पोकळ वाजेल तिथला काढून टाका, रेघेच्या वर एक-दीड फुटापर्यंत बघा. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, पंखा चालू ठेवा, उन्हात खिडक्या उघडा. पांढरी भुकटी फुलून आली, म्हणजे लोणा धरला, तर ओल्या फडक्याने पुसू नका, कोरड्या ब्रशने झाडा. ओलं केलं की मीठ परत आत जातं.

भिंत वाळली का हे कळायला प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवसांनी बघा. आतून दव जमलं असेल तर अजून थांबा. २०२१ नंतर मी माजघरातला तुकडा दर महिन्याला लावत होते. गुढीपाडव्याच्या सुमाराला तो पहिल्यांदा कोरडा निघाला. मग नुसता चुना दिला, ऑइलपेंट नाही, कारण चुन्यातून उरलीसुरली ओल बाहेर जाते. वन्संनीही तसंच केलं.