दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेसाठी काय करावे

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला दिवाळीची सुट्टी लागण्याच्या पंधरा दिवस आधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दोन विषय घ्यावेत: कर्मचाऱ्यांचा सन्मान आणि सुट्टीतली मुले.

सन्मान करताना शिक्षकांच्याही आधी पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंचे नाव घ्यावे, असे मला मनापासून वाटते. सकाळी तांदूळ निवडून, भल्यामोठ्या पातेल्यातली खिचडी पदराने घाम पुसत ढवळणाऱ्या आणि कोणत्या मुलाला पुन्हा वाढायचे हे न विचारता ओळखणाऱ्या या ताईंना शाल-श्रीफळापेक्षा रोज नेसता येईल अशी साडी द्यावी आणि ती मुलांच्या हातून द्यावी. शिक्षकांना मुलांनी स्वतः लिहिलेले पत्र पुरेसे आहे. वर्गणी मात्र ऐच्छिकच असावी.

बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात, म्हणून कोणते मूल सोबत जाणार याची यादी आधीच करावी. मूल आजी-आजोबांकडे राहू शकत असेल, तर हंगामी वसतिगृहाबाबत, म्हणजे आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर गावातच मागे राहणाऱ्या मुलांसाठीच्या सोयीबाबत, मुख्याध्यापकांशी बोलावे. जाणारच असेल, तर शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलाला नव्या ठिकाणच्या शाळेत दाखवता येणारे कार्ड, भरून पाठ्यपुस्तकांसोबत दप्तरात ठेवावे. आधीच्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, ही शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील तरतूद पालकांना समजावून सांगावी.

सुट्टीत शाळेतले दुपारचे जेवणही बंद असते. गरजू घरी डाळ, गूळ, शेंगदाणे पोहोचवायचे असल्यास संध्याकाळी, गाजावाजा न करता आणि फोटो न काढता पोहोचवावेत.