हरभऱ्याला जिवाणू लावताना

रब्बीचा हरभरा पेरायचा म्हटलं की आमच्याकडं परभणीच्या कृषी विद्यापीठातून रायझोबियमची, म्हणजे मुळांवर गाठी धरून हवेतलं नत्र (नायट्रोजन) पिकाला देणाऱ्या जिवाणूंची, पुडी येते. पुडीवर पिकाचं नाव अन् मुदत बघूनच घ्या. सोयाबीनची उरलेली पुडी हरभऱ्याला चालत नाही, दोन्हींचे जिवाणू वेगळे.

१० किलो बियाण्याला २५० ग्रॅमची एक पुडी. मर रोगासाठी किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) आधी चोळा. मग गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करा. गरम पाण्यात टाकलं तर जिवाणू मेलेच समजा. त्यात पुडी कालवून बियाण्यावर शिंपडा, हलक्या हातानं चोळा, साल निघू देऊ नका. सावलीत गोणपाटावर सुकवून त्याच दिवशी पेरा. रासायनिक बुरशीनाशक याच्यात मिसळू नका, अन् युरियाही बेतानंच. आयतं नत्र मिळालं की गाठी कमी धरतात. हे जिवाणू माणसाला बाधत नाहीत, तरी जेवायच्या आधी हात साबणानं धुवा.

महिना-सव्वा महिन्यानं एखादं झाड खुरप्यानं मातीसकट काढा. उपटलं तर गाठी रानातच राहतात. गाठ नखानं फोडा: आत गुलाबी असेल तर हवेतलं नत्र झाडाला मिळतंय, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.