भिंतीवरची अभिक्रिया: आधी मेश तपासा

सांगलीत वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला सीएफडीवर (संगणकावर प्रवाहाचं गणित सोडवण्यावर) प्रोजेक्ट करणाऱ्यांनो, फ्लुएंट या सीएफडी सॉफ्टवेअरच्या स्पीशीज मॉडेलमध्ये (मिश्रणातल्या घटकांचा हिशेब ठेवणाऱ्या भागात) ‘वॉल सरफेस’ला टिक केली म्हणजे झालं असं नाही. उत्प्रेरक असलेल्या भिंतीच्या बाउंडरी कंडिशनमध्ये (सीमेवरच्या अटींमध्ये) ‘रिअ‍ॅक्शन’ वेगळं चालू करावं लागतं. नाहीतर सोल्यूशन छान कन्व्हर्ज होतं (उत्तर स्थिरावतं) आणि भिंत मात्र ढिम्म, अभिक्रिया होतच नाही!

खरी मेख मेशमध्ये, म्हणजे गणितासाठी जागेचे बारीक तुकडे (सेल) पाडणाऱ्या जाळीत आहे. पाण्यासारख्या द्रवात श्मिट संख्या (द्रवाची गतिज श्यानता भागिले विरघळलेल्या पदार्थाचा विसरण गुणांक) साधारण १००० असते. त्यामुळे लॅमिनार प्रवाहात भिंतीलगतचा संहतीचा थर (जिथे पदार्थाचं प्रमाण बदलतं तो) प्रवाहाच्या वेगाच्या थराच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका असतो. वेगासाठी पुरणारा मेश इथे तोकडा पडतो. त्या पातळ थरात निदान आठ-दहा सेल बसवाच. मग अभिक्रियेचा वेगस्थिरांक मुद्दाम दसपट करून बघा. भिंतीवरचा फ्लक्स (भिंतीपर्यंत पोचणाऱ्या पदार्थाचा दर) फारसा हलला नाही, तर अडसर अभिक्रियेचा नाही, विसरणाचा (डिफ्यूजनचा) आहे. अशा वेळी सक्रियण ऊर्जेचे (अभिक्रिया सुरू व्हायला लागणाऱ्या ऊर्जेचे) आकडे बदलत बसू नका.